शटर खाली टेकेपर्यंत

मित्रांनो, मी एक जुनी मोटर आहे. पण गाडीतली नव्हे. गाडीतली असते तर गावभर फिरले असते आणि माझ्याजवळ सांगण्यासारखे पुष्कळ असते. मी गॅरेजच्या छताजवळ बसवलेली, शटर वरखाली करणारी मोटर. माझा सारा प्रवास एका शटरच्या उंचीएवढा. तेवढ्यातून कुणाला ऐकण्यासारखे काय निघणार, अशी शंका मला नेहमी येते. तरी सांगते. कंटाळा आला तर मध्येच उठून जा, मी वाईट वाटून घेणार नाही.

माझा जन्म भोसरीच्या एका कारखान्यात झाला. तांब्याच्या तारेची वेटोळी माझ्या पोटात भरली गेली, दातेरी चाके बसली, आणि थर्माकोलच्या दोन तुकड्यांमध्ये मला खोक्यात बंद केले. खोके उघडले ते थेट दुकानात. तिथे माझ्यासारख्या कितीतरी जणी मांडून ठेवल्या होत्या. काही माझ्यापेक्षा ताकदवान होत्या, काही फोनवरून चालणाऱ्या होत्या. मला कोणी घेईल असे मला वाटत नव्हते.

एके दिवशी तिघे जण आले. मंदाकिनीबाई, त्यांचे यजमान गोपाळकृष्ण आणि मुलगा सलिल. नारायण पेठेत त्यांचे दुमजली घर आहे आणि त्याच्या तळाशी गॅरेज. घरात गाडी चालवतात त्या मंदाकिनीबाई. गोपाळराव जन्मभर छापखान्यात मुद्रितशोधक होते. सायकलच्या पुढे त्यांची मजल गेली नाही. बाईंचा खांदा दुखायला लागला आणि जड शटर उचलणे अवघड झाले, म्हणून ही खरेदी.

"आई, ही फोनवरची घेऊ. मी बाणेरहून ऑफिसात बसून शटर उघडू शकेन," सलिल म्हणाला.

"तू ऑफिसात बसून शटर उघडशील रे, पण गाडी बाहेर कोण काढणार?" मंदाकिनीबाई म्हणाल्या.

गोपाळरावांचे म्हणणे असे, की सर्वांत जास्त ताकदीची घ्यावी. दुकानदार म्हणाला, "काका, शटरच्या वजनाप्रमाणे मोटर घ्यायची. बैल हवा तिथे हत्ती कशाला बांधता?"

बाईंनी मात्र साधे प्रश्न विचारले. वीज गेली तर काय? दुकानदाराने माझ्या अंगाला लोंबणारी साखळी ओढून हाताने शटर वर घेऊन दाखवले. आणि शटर येत असताना खाली मांजर आले तर? तेव्हा त्याने माझे दोन डोळे दाखवले. शटरच्या दोन बाजूंना, जमिनीपासून वीतभर उंचीवर बसवलेली ही काचेची छोटी भिंगे. एका भिंगातून निघणारा किरण दुसऱ्यात पोचतो. माणसांना तो दिसत नाही. मध्ये काही आले की किरण तुटतो आणि मी लगेच थांबून शटर परत वर नेते. दुकानदाराने मध्ये खोका सरकवला. मी थांबले, वर गेले.

"हीच घेऊ या," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "उचलायला काय, कोणीही उचलेल."

अशी मी नारायण पेठेत आले. गॅरेजचे तोंड थेट गल्लीत उघडते आणि गल्ली एवढी अरुंद, की गाडी बाहेर काढली की ती भरून जाते. गोपाळरावांनी शटरसाठी पाटी रंगवून आणली होती : 'कृपया येथे वाहन लावू नये.' मंदाकिनीबाईंनी त्यातला 'कृपया' परत जाऊन खोडून आणला.

ती माझी सुखाची वर्षे. गोपाळरावांना गाडीचे वेड नव्हते, पण माझ्याबरोबर आलेली माहितीपुस्तिका त्यांनी पोथीसारखी वाचली. त्यातल्या दोन छपाईच्या चुकाही काढल्या. पावसाळा संपला की ते शटरच्या दोन्ही बाजूंच्या खाचा कोरड्या कापडाने पुसत. साखळीला बेताने ग्रीस लावत. जास्त लावले तर धूळ धरते. अधूनमधून शटरखाली लाकडी पाट ठेवून मी थांबते की नाही ते पाहत. मी थांबले की मान डोलावत, जणू माझा पाढा बरोबर आला होता. आल्यागेल्याला मंदाकिनीबाई बटण दाबून दाखवत. पाहुणे "वा!" म्हणत. मला संकोच वाटे.

पुढे कौतुक ओसरले. ते ओसरायचेच. गोपाळरावांचे गुडघे धरले, पुसणे-पाहणे मागे पडले. मी चालत होते, म्हणून माझ्याकडे कोणाचे लक्ष नव्हते. चालणाऱ्या वस्तूचे हे असेच असते.

याच सुमारास मंदाकिनीबाईंच्या थोरल्या बहिणीला विसर पडण्याचा आजार झाला. तिला धायरीच्या एका वृद्धाश्रमात ठेवावे लागले. ती कोणाला ओळखत नाही. दुसऱ्या कोणी घास पुढे केला तर तोंड घट्ट मिटते. मंदाकिनीबाईंनी भरवले तरच खाते. का, ते कोणालाच ठाऊक नाही. म्हणून बाई रोज दुपार कलली की गाडी काढतात, बहिणीला चहा पाजतात, भरवतात आणि दिवेलागणीला परत येतात. त्या रोजच्या जाण्यायेण्यात माझाही थोडा हात आहे, याचा मला मनातून अभिमान होता.

मग गेल्या वर्षीची खंडेनवमी आली. त्या दिवशी घरातल्या साऱ्या हत्यारांची, यंत्रांची पूजा होते. गाडीला झेंडूचा हार पडला. शिवणयंत्राला पडला. दरवर्षी गोपाळराव स्टुलावर चढून माझ्या पेटीला हळदकुंकू लावत.

"अहो, स्टुलावर चढायचं नाही हं!" वरच्या मजल्यावरून आवाज आला.

"नाही चढत गं," गोपाळराव म्हणाले. ते जरा वेळ माझ्याकडे मान वर करून पाहत उभे राहिले. मग पाट घेऊन शटरपाशी बसले आणि "इथेही तीच आहे," असे पुटपुटत त्यांनी माझ्या दोन्ही डोळ्यांना ओल्या हळदकुंकवाची बोटे लावली. हात जोडले. मला फार बरे वाटले. खोटे कशाला सांगू?

चारसहा दिवसांनी दांडेकरांची पहिली तक्रार आली. ते समोर राहतात. बाई धायरीहून परतल्या तेव्हा ते दारातच उभे होते.

"मंदाकिनीबाई, आज गॅरेज दर्शनाला खुलं ठेवलंत का? आधी सांगितलं असतं तर रांग लावली असती."

शटर सताड उघडे होते. आत शिवणयंत्र, सायकल, पाण्याची मोटर, सगळे उघड्यावर.

"मी बंद करून गेले होते," बाई म्हणाल्या.

"असेल, असेल," दांडेकर म्हणाले. त्या दोन शब्दांत सारे काही आले.

दुसऱ्या दिवशी तेच. मग पुन्हा. बाई गाडी बाहेर काढत, हातातल्या रिमोटचे बटण दाबत, शटर खाली येऊ लागलेले आरशात पाहत आणि मागून हॉर्न वाजायला लागले की निघून जात. खरे तर मी अर्ध्यावर आले की मला खाली काहीतरी आहे असे वाटे. किरण तुटे. मांजर असेल, पोर असेल, म्हणून मी घाईने वर जाई. मित्रांनो, मी प्रामाणिकपणेच वागत होते. माझ्या पेटीवरचा लाल दिवाही लुकलुकत असे, पण रिकाम्या गॅरेजात तो कोणाला दिसणार?

गोपाळरावांनी सकाळी बटण दाबून पाहिले. मी नीट खाली गेले. कंपनीचा माणूस दिवेलागणीनंतर आला. त्याच्यासमोरही नीट गेले. त्याने हात झटकले. "मशीन ओके आहे काका. वापरणाऱ्याकडून राहून जात असेल. वयोमानाने होतं."

हे सगळे मंदाकिनीबाईंच्या देखत बोलले गेले.

रविवारी सलिल आला. तो वाईट मुलगा नाही. आईचा हात हातात घेऊनच बोलला. "आई, मावशीचंही असंच सुरू झालं होतं. गॅस चालू, दार उघडं. आठवतंय ना?"

"आठवतंय. मला सगळं आठवतंय, तीच तर पंचाईत आहे."

"गाडी विकू या. ऑफिसातला एक जण घ्यायला तयार आहे, शनिवारी येईल. तुला काही झालं रस्त्यात तर?"

"आणि ताईकडे कोण जाणार?"

"आठवड्यातून एकदा मी नेईन ना तुला."

"ती रोज जेवते रे सलिल."

गोपाळराव खाली बघत बसले होते. बाईंनी त्यांच्याकडे पाहिले. ते काहीतरी बोलतील असे त्यांना वाटले असावे. ते बोलले नाहीत.

त्यानंतर बाई बटण दाबताना मोठ्याने बोलू लागल्या. "बटण दाबलं. शटर खाली येतंय. मी बघतेय." शाळेतल्या मुलाने घोकावे तसे. आणि परतल्यावर शटर उघडे दिसले की त्या गाडीतून लगेच उतरत नसत. स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहत. मी वरून पाहत असे. त्या स्वतःला तपासत होत्या आणि मलाही स्वतःविषयी भरवसा उरला नव्हता. खाली खरेच कोणी असते, की मला भास होतात?

शुक्रवार उजाडला. दुसऱ्या दिवशी गाडी जायची होती. बाईंनी नेहमीसारखी गाडी बाहेर काढली, पण त्या दिवशी त्यांनी इंजिन बंद केले, खाली उतरल्या आणि शटरसमोर कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. मागे भाजीचे रिकामे क्रेट भरलेला टेम्पो आला. मंडईतून येत असावा. त्याने हॉर्न दिला. मग पुन्हा दिला.

"ओ मावशी, घ्या की गाडी पुढं!"

"थांबा जरा. डोकं तपासतेय माझं."

"मग दवाखान्यात जा की! गल्लीत कशाला?"

बाईंनी बटण दाबले. मी खाली येऊ लागले. गल्लीच्या तोंडाकडून तिरपे ऊन थेट माझ्या एका डोळ्यात घुसले होते. अर्ध्यावर किरण हरवला. मी थांबले आणि वर गेले.

"आयला," टेम्पोवाला म्हणाला. "वर गेलं परत!"

बाई गर्रकन वळल्या. "काय म्हणालात?"

"वर गेलं म्हटलं."

"कोण गेलं वर?"

"शटर, मावशी!"

"मी दुसऱ्यांदा बटण दाबलं का?"

"नाय दाबलं. हात तर तुमचा कमरेवर हाय."

"नीट पाहिलंत ना?"

"आता शपथ घेऊ का?"

मंदाकिनीबाईंनी वर मान करून हाक मारली. तशी हाक त्या घराने कित्येक दिवसांत ऐकली नव्हती. "अहो! खाली या. काही बोलू नका, नुसतं बघा."

गोपाळराव कठडा धरत उतरले. त्यांच्यासमोर मी पुन्हा खाली आले, पुन्हा वर गेले.  ते पाट ओढून शटरपाशी बसले आणि मी जिथून पाहते तिथून पाहू लागले. भिंगावर लाल-पिवळा थर वाळून घट्ट बसला होता. सकाळी आणि संध्याकाळी त्याच्या कडेने किरण कसाबसा पलीकडे पोचे. दुपारचे ऊन भिंगावर आले की तेवढाही दिसेनासा होई.

"मंदा," ते म्हणाले. "हे बोट माझं आहे."

बाईंनी वाकून पाहिले. बराच वेळ पाहिले.

"पूजा केलीत की आंधळी केलीत तिला?" त्या म्हणाल्या.

गोपाळरावांनी रुमाल ओला करून दोन्ही भिंगे पुसली, मग धोतराच्या सोग्याने कोरडी केली. बाईंनी बटण दाबले. ऊन तसेच होते. मी खाली गेले, जात राहिले, आणि जमिनीला टेकले.  बाईंनी पुढे होऊन शटरवर तळवा टेकवला. 

"आता जाऊ का मी?" टेम्पोवाल्याने विचारले.

"जाऊ या," बाई म्हणाल्या आणि गोपाळरावांकडे वळल्या. "सलिलला फोन तुम्ही करा. मला उशीर झालाय, ताईचा चहा राहिलाय."

गाडी गेली. गोपाळराव गल्लीतच पाटावर बसून होते. त्यांनी फोन लावला, सगळे सांगितले.  मग सलिलचा आवाज आला, "बाबा, आईला द्या ना."

"ती गेली," गोपाळराव म्हणाले. "गाडी घेऊन गेली."

फोन ठेवून ते बंद शटरला पाठ लावून बसले. हळूच म्हणाले, "सगळ्यांनी मिळून तिलाच तपासलं. मीसुद्धा." ते मला म्हणाले की स्वतःला, कोण जाणे.

मित्रांनो, आता मी थकले आहे. चाके घासली आहेत, वर जाताना कुरकुरते. एखाद्या दिवशी माझ्या जागी दुसरी येईल. तिला जरूर हळदकुंकू लावा, पण पेटीला लावा. मऊ फडक्याने तिचे डोळे पुसत जा, शटरखाली काहीतरी ठेवून ती थांबते ना ते पाहत जा, आणि बटण दाबले की पाठ फिरवू नका.

आणखी एक मागणे आहे. मागावे की नाही, कळत नाही. घरातले एखादे वयस्कर माणूस "मी बंद केलं होतं" असे म्हणाले, तर लगेच एकमेकांकडे पाहू नका. त्याच्या शेजारी जाऊन उभे राहा आणि शटर खाली टेकेपर्यंत थांबा. कधी चूक माझी निघेल. कधी त्या माणसाचीही निघेल. पण ती निघेल तेव्हा ते माणूस गल्लीत एकटे उभे नसेल.