कौलांतला उजेड

"उजवीकडे... अजून थोडं... बस्स!" घरातून बायको ओरडली आणि छपरावरच्या ड्रायव्हरने कौल दाबून बसवलं.

बस चालवायचं सोडून त्याला चार वर्षं झाली होती, पण मागून येणाऱ्या आवाजावर भरवसा ठेवायची सवय सुटली नव्हती. तेव्हा कंडक्टर सांगे आणि तो गाडी मागे घेई. आता बायको खाली उभी राहून जिथून उजेड दिसेल ती जागा सांगे, आणि तो छपरावर शिडी टाकून तिथली कौलं सारखी करी. दरवर्षीचा हा दोघांचा उद्योग. मुलगी फोनवर म्हणायची, "बाबा, पत्रे टाका, कटकट संपेल." पण कौलांचं एक बरं असतं, फुटलं तेवढंच बदलायचं, तेही घरच्या घरी. खालची ओळ आधी लावायची, वरची तिच्यावर चढवायची, की पाणी गुमान ओघळून जातं. त्याला कशाला हवाय मिस्त्री?

"झालं," बायको म्हणाली. "आता कुठेच उजेड नाही. उतरा खाली."

यंदा काम फारच लवकर उरकलं होतं. ड्रायव्हर खूश होऊन शिडीवरून सरकू लागला, तर त्याच्या गुडघ्याशीच दोन कौलांमध्ये बोटभर फट. फटीतून बायको दिसत होती, मान वर करून नेमकी तिकडेच बघणारी.

"नीट बघ गं, डोक्यावर."

"बघितलं हो. काही नाही."

त्याने फटीत बोट घालून हलवलं. "आता?"

"नाही म्हटलं ना! एकदा सांगून कळत नाही का तुम्हाला?"

तो बोट हलवतच राहिला. तिने पेपर वाचायचं सोडलं होतं, सुईत दोरा त्याच्याकडून ओवून घेऊ लागली होती; त्याला वाटलं होतं, आळशी झाली.

"अगं, मी बोट हलवतोय तुझ्या डोक्यावर," तो हळूच म्हणाला.

तिने वर केलेली मान खाली घातली. मग ती म्हणाली, "गेल्या वर्षीही निम्मं अंदाजानेच सांगितलं मी."

"म्हणून पलंगावर पातेलं ठेवावं लागलं होय! आणि मी उगाच कौलवाल्याच्या नावाने खडे फोडले!"

ती हसली, पण हसू टिकलं नाही. "मुलीला सांगू नका. ती पत्रे टाकून मोकळी होईल. मग मी कशाला हवी इथे?"

असं काही तिच्या मनात असेल हे त्याला कधी सुचलंच नव्हतं. त्याला फार वाईट वाटलं.

"उद्या डॉक्टरकडे जायचं," तो म्हणाला. "पत्र्याचं नाव काढायचं नाही. आणि आत्ता हात पुढे कर. तळवा वर."

"भीक मागू?"

"माग. आणि जरा मागे सरक. अजून... बस्स!"

प्यायला नेलेल्या बाटलीतलं पाणी त्याने कौलावर ओतलं.

"पडलं!" ती ओरडली, अगदी पूर्वीच्या आवाजात. "हातावर पडलं!"

त्याने वरचं कौल सरकवून खालच्यावर घट्ट बसवलं. फट बुजली तशी बायको दिसेनाशी झाली. त्याने पुन्हा पाणी ओतलं.

"आता?"

"कोरडा आहे," खालून आवाज आला. "पुढचं कौल बघा. हात पुढेच आहे माझा."