आवरलेलं नुकसान

“नुकसान कुठंय?” विमा कंपनीच्या सर्व्हेअरने दुसऱ्यांदा विचारलं.

“हे काय, इथंच,” घडीबाई म्हणाल्या आणि त्यांनी मागची खोली त्याला कौतुकाने दाखवली. फरशी अशी लख्ख, की त्याला आपलेच बूट तिच्यात उलटे दिसत होते. भिंतीला ताजा चुना होता. पलंगावर शेजारणीकडून मागून आणलेली गादी आणि तिच्यावर पांढरी चादर. सुरकुती म्हणाल तर औषधालाही नाही.

“उडालेले पत्रे?”

“भंगारात दिले. वाकले होते हो, कुणाच्या पायाला लागलं असतं.”

“भिजलेली गादी?”

“कचरागाडीत टाकली. वास मारत होती.”

“छताला प्लायवूड होतं म्हणालात.”

“फुगून लोंबत होतं. ओढून काढलं यांनी. आता वर मागून आणलेले जुने पत्रे टाकून ताडपत्री बांधलीय. तात्पुरती.”

“मग बाई, मी फोटो कशाचा काढू?”

“आधी चहा घ्या,” घडीबाई म्हणाल्या.

सर्व्हेअरने चहा घेतला, फरशीचे दोन फोटो काढले आणि चांगल्या चहाबद्दल आभार मानून तो गेला. घडीबाईंना वाटलं, काम फत्ते झालं. साहेब समाधानाने गेला.

आता यात त्यांचं चुकलं काय? अख्खा जन्म त्यांनी इस्पितळाच्या धुलाईखात्यात काढला. रक्त, औषध, उलटी, सगळ्या गावाचे डाग त्यांच्या हातून पांढरे होऊन गेले. त्यांनी घातलेली चादरीची घडी पट्टी लावून मोजावी अशी असे, म्हणून कुणा जुन्या नर्सने त्यांना घडीबाई म्हटलं. ते नाव निवृत्तीच्या हारासोबत घरी आलं आणि घरात राहिलं. अशा बाईला कळवायचं, की अमुक दिवशी साहेब घर बघायला येणार आहेत, आणि वर अपेक्षा ठेवायची, की त्या घर तसंच ठेवतील? वादळाने मागच्या खोलीचे पत्रे उचलून शेजारणीच्या अंगणात नेऊन टाकले, त्यापेक्षा जास्त नुकसान घडीबाईंच्या झाडूने केलं. पण हे कळायला कंपनीचं उत्तर यावं लागलं.

उत्तर मोबाइलवर आलं. यजमानांनी चष्मा लावून ते मोठ्याने वाचलं.

“अगं, अभिनंदन! आपलं काहीच नुकसान झालेलं नाही. कंपनीनं लेखी दिलंय.”

“काहीतरीच काय!”

“‘पाहणीच्या वेळी नुकसान आढळून आले नाही.’ घे, वाच. आणि खाली म्हणतायत, पत्रे जुने होते, ती झीज आहे. झीज तर आपलीही झालीय म्हणावं, आपण कुठं उडालो?”

हसता हसता त्यांना ढास लागली. पिठाच्या गिरणीत उमर घालवलेला माणूस. छातीत किती पीठ बसलं होतं ते देवाला ठाऊक. डॉक्टरांनी साफ सांगितलं होतं की ओल चालायची नाही, खोली कोरडी हवी. कोरडी खोली म्हणजे नवं छप्पर. नवं छप्पर म्हणजे विम्याचे पैसे. दोघांच्या तुटपुंज्या पेन्शनीत औषधं बसत होती, पत्रे बसत नव्हते. हिशोब एवढा सरळ होता.

पॉलिसी विकली होती घडीबाईंच्या भाच्याने. विकताना तो रोज येत असे. आता त्याचा फोन कधी व्यस्त, कधी क्षेत्राबाहेर. शेवटी घडीबाईंनी त्याला त्याच्या दारातच गाठला. तो बिचारा दाढीचा फेस लावून बाहेर आला.

“आत्या, तू माझी आत्या नसतीस ना...”

“तर पॉलिसी गळ्यात मारली असतीस कुणाच्या?”

“अगं, पण आवरलंस कशाला? नुकसान कुणी आवरतं का? ते दाखवायचं असतं!”

“हे तू सही घेताना सांगायचंस. तेव्हा म्हणालास, आत्या, डोळे झाकून सही कर. केली. आता डोळे उघडले, तर तू दिसत नाहीस.”

भाच्याने अर्धी दाढी तशीच ठेवून एक अर्ज लिहून दिला. फेरपाहणीची विनंती. तो घेऊन नवरा-बायको कंपनीच्या कचेरीत गेले. तिथे काचेपलीकडे बसलेल्या मुलीने अर्ज वाचला आणि नाजूक आवाजात विचारलं,

“वादळ होतं कशावरून?”

“पत्रे उडाले त्यावरून,” यजमान म्हणाले.

“तो परिणाम झाला, काका. मला कारणाचा पुरावा हवाय. पॉलिसीत वादळ बसतं, नुसता वारा बसत नाही.”

“पुढच्या वेळी आलं की त्याची सही घेऊन ठेवतो.”

मुलगी हसली नाही. तिला रोज असे काका भेटत असावेत. तिने हवामान खात्याचा दाखला आणायला सांगितला. हवामान खात्यात म्हणाले, दाखला कंपनीने मागवायचा असतो. कंपनीत म्हणाले, ग्राहकाने आणायचा असतो. घडीबाईंच्या नाकी नऊ आले. दोन्हीकडे लिफ्ट बंद होती, एवढ्यावर मात्र दोन्ही कचेऱ्यांचं एकमत होतं. जिन्यात यजमान प्रत्येक वळणावर थांबत आणि ‘भिंतीचा रंग बघतोय’ असं सांगत.

अडलेली गाडी हलली ती शेजारणीमुळे. पत्रे उडून तिच्या कुंड्यांवर पडले होते. तेव्हा भांडणाला पुरावा असावा, म्हणून तिने मोबाइलवर फोटो काढून ठेवले होते. उघडं पडलेलं छप्पर, तिच्या अंगणातले वाकडे पत्रे, फुटलेल्या कुंड्या, सगळं तारखेनिशी.

“भरपाई मागणार होते तुमच्याकडे,” ती घडीबाईंना म्हणाली. “पण तुमचीच ही तऱ्हा! मग म्हटलं, जाऊ दे.”

“तुमच्या कुंड्या मी भरून देईन हो, वहिनी.”

“आधी कंपनीकडून घ्या, मग कुंड्यांचं बघू. आणि हो, माझी गादी राहू दे सध्या.”

फोटो पाहून काचेपलीकडच्या मुलीने दाखल्याशिवायच फेरपाहणी मंजूर केली. जाता जाता तिने काचेच्या फटीजवळ तोंड आणून हळूच सांगितलं, “काकू, या वेळी काही म्हणजे काही आवरू नका.”

आणि आवरण्यासारखं पुन्हा झालंच होतं. ताडपत्रीखालून पाणी भिंतीत मुरत होतं. ताज्या चुन्यातून आधी पिवळट ठिपका वर आला, मग त्याचा पसा झाला, मग परात, आणि पुढे तो काळपट कड घेऊन पलंगापर्यंत उतरला. घडीबाईंचे हात शिवशिवत. त्या खोलीत जात, डागासमोर उभ्या राहत आणि परत येत. फरशीवर चुन्याचे पापुद्रे पडले होते, तेही उचलायचे नव्हते. शेजारीण डोकावली, की त्या दार ओढून घेत.

सर्व्हेअर मात्र येईना. सोमवारी येतो म्हणाला, गुरुवारी त्याची गाडी बिघडली, पुढे त्याच्या मेव्हण्याचं लग्न निघालं. इकडे बुरशीचा वास स्वयंपाकघरापर्यंत आला. यजमानांची ढास आता बोलण्याच्या मध्ये येईना, बोलणंच ढासेच्या मध्ये येऊ लागलं. एका दुपारी ते श्वासाच्या पंपाचे दोन फवारे घेऊनही खुर्चीतून उठू शकले नाहीत, तेव्हा घडीबाईंनी बादली भरली, ब्रश घेतला आणि पदर खोचला.

“ठेव ते,” यजमान म्हणाले.

“नाही ठेवत. खड्ड्यात गेली कंपनी.”

“अगं, एवढे जिने चढलो ते काय व्यायाम म्हणून?” त्यांनी श्वास घेतला. “आत्ता पुसशील. पावसाळाभर पुसत राहशील. मला छप्पर पाहिजे, पुसलेली भिंत नको.”

घडीबाई ब्रश धरून उभ्या राहिल्या. मग त्यांनी बादली मोरीत रिकामी केली आणि लेकीला फोन लावला. जावई रिक्षा घेऊन आला. लेकीचं घर लहान, पण कोरडं होतं. यजमान पिशवीत औषधं भरताना कुरकुरले, “म्हणजे घरात मी राहायचं नाही, डागानं राहायचं.”

“साहेब येऊन जाऊ देत. मग डागाला हाकलते आणि तुम्हाला आणते.”

रोज संध्याकाळी त्यांचा फोन यायचा.

“काय म्हणतोय डाग?”

“वाढतोय.”

“खातापितोय ना नीट? जप त्याला.”

त्या हसायच्या, फोन ठेवायच्या आणि स्वयंपाकघरात अंथरूण घालायच्या. दोघांच्या संसारात त्या पहिल्यांदाच घरात एकट्या झोपत होत्या, तेही एका डागाची राखण करत.

सर्व्हेअर अखेर आला. दारात बूट काढू लागला, तर घडीबाईच म्हणाल्या, “राहू द्या, आत घाण आहे.” हे वाक्य त्यांच्या तोंडून आजवर कुणी ऐकलं नव्हतं. त्यांनी चहाचं विचारलं नाही. या घरात, या वासात कुणी चहा घ्यावा असं त्यांना वाटेना.

सर्व्हेअर मात्र खूश झाला. “वा! आता कसं, स्पष्ट दिसतंय,” असं म्हणत त्याने छताचे, ताडपत्रीचे, भिंतीचे फोटो घेतले. पापुद्रे त्याच्या बुटाखाली कुरकुरत होते. शेजारणीचे फोटो त्याने पुन्हा पाहिले, तारखा लिहून घेतल्या. काम संपत आल्यावर म्हणाला,

“एक फोटो तुमचा लागेल. पॉलिसी तुमच्या नावावर आहे. भिंतीशेजारी उभ्या राहा.”

“माझा? इथं?”

“नियम आहे, बाई. घरमालक आणि नुकसान एका फोटोत पाहिजे.”

घडीबाई आत गेल्या. तोंड धुतलं, केस चापून बसवले, कपाटातली कडक इस्त्रीची पांढरी साडी नेसल्या. सर्व्हेअर दोनदा घड्याळ बघेपर्यंत बाहेर आल्या आणि भिंतीशी जाऊन ताठ उभ्या राहिल्या.

“जरा डावीकडे. हां. इकडे बघा.”

त्यांनी मान वर करून कॅमेऱ्यात पाहिलं.

“बाई, हात.”

“काय?”

“हात काढा. डाग झाकला जातोय.”

घडीबाईंनी वळून पाहिलं. त्यांचा उजवा तळवा पुरता पसरून भिंतीवर टेकला होता. तो तिथे कधी गेला ते त्यांना कळलं नव्हतं. त्यांनी तो सावकाश उचलला, साडीला लागू नये म्हणून अंगापासून लांब धरला आणि पुन्हा समोर पाहिलं.

“काढा,” त्या म्हणाल्या.