सफरचंदाचा जामीन

आमच्या अंगणातलं सफरचंदाचं झाड सासऱ्यांनी लावलेलं. मी लग्न होऊन इराणात, दमावंदला आले तेव्हा ते ऐन भरात होतं. आता आठवायला बसले की त्या घरातले सगळे दिवस त्याच्या पानांतून गाळून आल्यासारखे दिसतात, थोडे हिरवट, थोडे हलणारे.

झाड रुसलं, फळलं नाही, की आमच्याकडे नवरोजच्या आधी त्याला धाक घालतात. एकाने कुऱ्हाड उगारायची, दुसऱ्याने मध्ये पडून जामीन राहायचं, की यंदा नक्की फळेल. कुऱ्हाड माझा नवरा फरामर्ज उगारायचा. जामीन नेहमी त्याची धाकटी बहीण तूबा. तिने लग्न केलं नाही, आमच्यातच राहिली. बहीणभाऊ त्या एका दिवशी कडाकडा भांडायचे आणि मग हसून हसून झाडालाच टेकायचे.

फरामर्ज गेला त्या हिवाळ्यात तूबा कोरसीखाली शिरली ती बाहेर येईना. निखाऱ्यांवरचं ते बुटकं मेज, त्यावर रजई आणि रजईच्या कडेला तिचा एवढासा चेहरा. आश, म्हणजे डाळी-पाल्याचं दाट सूप, समोर ठेवलं तर दोन चमचे. डॉक्टर म्हणाले, दुखणं काही नाही, त्यांना उठायचंच नाहीये. समोवारातून चहा काढता काढता मी थांबायचे, तिचा श्वास ऐकायला. ती गेली असती तर मला ‘वहिनी’ म्हणणारं त्या घरात कुणी उरलं नसतं.

नवरोजच्या आधीच्या इस्फंद महिन्यात, भिंतीच्या सावलीला अजून बर्फ होता तेव्हा, आमचा माळी उस्ताद सफदर छाटणीला आला. मी त्याला म्हटलं, करवत राहू दे, आधी कुऱ्हाड घे, तूबाला खिडकीतून ऐकू जाईल असं मोठ्याने बोल. झाड तीन वर्षं फळलं नव्हतं, म्हणजे कारण खोटं नव्हतं.

सफदरने कुऱ्हाडीची पाठ बुंध्यावर आपटली. हे ऐतखाऊ झाड आज पाडतो, म्हणाला. पाड, मी म्हटलं, आता त्याच्या बाजूने बोलणारं आहे कोण?

आत काहीच हललं नाही. छपरावरचा बर्फ ठिबकत होता, तेवढाच आवाज.

सफदर माझ्याजवळ आला. “खानम, जामीन आला नाही तर खरंच पाडावं लागेल. नुसती उगारून कुऱ्हाड खाली ठेवली, तर झाड पुन्हा कधी घाबरत नाही.”

हे मी विसरलेच होते. मी खिडकीकडे बघितलं. त्याने धारेची बाजू फिरवली आणि घाव घातला. पांढरी ढलपी उडाली, ओल्या लाकडाचा गोडसर वास सुटला.

दार करकरलं. तूबा पायांत नुसते लोकरीचे मोजे घालून, रजई पांघरून उभी होती.

“थांब सफदर. मी जामीन आहे.”

“वर्षभरासाठी?”

तिने बुंध्यावरचा ताजा घाव बघितला. मग मला म्हणाली, “वहिनी, तुला नाटक कधीच जमलं नाही.” आणि त्याला, “वर्षभरासाठी. वर एक दिवस नाही.”

“आणि नाही फळलं तर?”

“मला विचारायला ये. मी इथेच असेन.”

मग सफदर शिडीवर चढला. वाळकी फांदी खोडालगत कापली, उभे वाढलेले, फळ न धरणारे पाणसोट कोंब काढले, जखमांवर माती लिंपली. पालथ्या टोपलीवर बसून तूबा बोट दाखवत होती. स्वतःचं टक्कल झाडाला देऊ नकोस, असं तिने त्याला बजावलं. फांद्यांमधून आभाळ दिसलं पाहिजे, तो म्हणाला. दिसलं. त्यातून ऊन तिच्या मांडीवर येऊन पडलं. दुपारी तिने आश मागून घेतलं आणि मीठ कमी आहे म्हणाली.

त्या वसंतात हिमाने सगळा मोहोर जाळला. एक फळ धरलं नाही. पुढच्या इस्फंदात सफदर दारात येऊन, जामीन कुठे आहे, म्हणून विचारू लागला. तूबाने आणखी एक वर्ष मागून घेतलं. तिसऱ्या वर्षी सात सफरचंदं आली, तर म्हणाली, सात म्हणजे काय फळणं? आणि पुन्हा जामीन राहिली. अशी नऊ वर्षं.

यंदा ती नाही. झाडाला गेल्या वर्षी तीनच फळं आली होती. सफदरने कुऱ्हाड उचलली आणि माझ्याकडे न बघता थांबला. मोजे घातलेली पावलं आतून येतायत असं मला वाटलं, म्हणून मीही थोडी थांबले. मग पुढे झाले आणि वर्षभरासाठी जामीन राहिले.