भाचीचा दम

तलावावर सगळे त्याला सर म्हणत. त्याची भाची, मासोळी, तेवढी मामा म्हणायची. पोहायला शिकवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता, आणि हे त्याला जरा जास्तच ठाऊक होतं.

यंदा मासोळीचा वेग मंदावला. चार हात मारले की तिला दम लागायचा, मग काठाला लटकून राहायची. मामाने एकदा सगळ्या पोरांदेखत सुनावलं, "रडतराऊत घोड्यावर बसवून शर्यत जिंकता येत नाही! अंगात आळस मुरलाय तुझ्या." पोरं खिदळली. मासोळीने चष्मा डोळ्यांवर ओढला आणि मुकाट पाण्यात शिरली.

त्याच आठवड्यात तलावाच्या पायऱ्या चढताना ती कोसळली. ओठ पांढरेफटक पडले होते. मामाने तिला उचलून दवाखाना गाठला. ताई, म्हणजे त्याची थोरली बहीण, कामावरून तशीच धावत आली.

डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं. "फुप्फुसं ठणठणीत आहेत. हृदय तर बिचारं दुप्पट राबतंय," त्या म्हणाल्या. "पण नुसता श्वास घेऊन भागत नाही. त्यातला प्राणवायू रक्ताने स्नायूंपर्यंत वाहून न्यायचा, आणि पोटाने अन्न पचवून त्यातली साखर त्याच रक्तात सोडायची. पेशीपाशी दोन्ही पोचलं तरच ताकद तयार होते. हिच्या रक्तात पुरेसं लोहच नाही, मग प्राणवायू नेणार कोण? जेवण कसं आहे हिचं?"

मासोळीने मामाकडे पाहिलं. "व्यवस्थित जेवते मी," ती म्हणाली.

अंग हलकं झालं की वेग वाढेल, असं सांगून मामानेच तिचं रात्रीचं जेवण तोडलं होतं, दुपारचं अर्ध्यावर आणलं होतं. वर बजावलं होतं, "आईला सांगायचं, तलावावर खाऊन आले. उगाच तिच्या जिवाला घोर नको." ताईनेही कधी शंका घेतली नव्हती. भाऊ होता ना तिथे.

बोलायची हीच वेळ होती. तो घसा खाकरून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिला.

"खाऊनही ही अवस्था असेल तर आतड्यात काही बिघाड असेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तोंडातून नळी घालून बघावं लागेल."

मासोळीने मान डोलावली. मामाची लाज राखायला पोर नळी गिळायला निघाली होती! धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं.

"नळी नको," तो कसाबसा म्हणाला. "ती जेवतच नाही. मीच बंद केलंय. घरी खोटं बोलायलाही मीच शिकवलं."

डॉक्टरीणबाईंनी त्याच्याकडे नीट पाहिलं. "मुलांना तुम्हीच शिकवता ना?" एवढंच विचारलं.

ताई ओरडली नाही. ओरडली असती तर त्याला सोपं गेलं असतं. "लोक परक्याला मामा बनवतात रे," ती हळूच म्हणाली. "तू सख्ख्या बहिणीला बनवलंस."

"आई, मामाला रागावू नकोस," मासोळी पुटपुटली. ते तर त्याला ताईच्या बोलण्याहून जास्त लागलं.

गोळ्या आणि पोटभर जेवण सुरू झालं, तरी तिच्या ओठांवर रंग यायला बरेच दिवस गेले. ताईने तिला तलावावर पाठवलं नाही. तिने पाठवावं असं म्हणायचं तोंड मामाला उरलं नव्हतं.

दवाखान्यातून आल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्याने सगळ्या पोरांना काठावर बसवलं होतं. ज्यांच्यासमोर तिला आळशी म्हटलं, त्यांच्याच समोर ते शब्द परत घ्यायचे होते. "मासोळी आळशी नव्हती, उपाशी होती," तो म्हणाला. "आणि उपाशी ठेवणारा मी होतो. हलकं अंग वगैरे मी जे बरळलो, ते चूक होतं."

कोणी हसलं नाही. मागच्या रांगेतल्या एका काटकुळ्या मुलीने भीतभीत हात वर केला.

"सर, म्हणजे मीपण रात्री जेवू?"

तिला असं काही सांगितल्याचं त्याला आठवतही नव्हतं.