मागचं पाऊल

रीड तुटली. शनिवारी संध्याकाळी पावणेसहाच्या सुमारास, साताऱ्याच्या स्नेहवर्धक क्लबाच्या व्हरांड्यात, अकरा सभासद आणि एक हार्मोनियम यांच्या साक्षीनं मानसिंगच्या क्लॅरिनेटची शेवटची रीड टोकापासून उभी चिरली, आणि सातारा जिल्ह्यातलं जाझ संगीत तिथंच संपलं.

तर असं काही झालेलं नाही. अजून दुपारचे दोनच वाजलेत, सर्व्हिस मोटार उंब्रजहून नुकतीच हललीय, आणि रीड मानसिंगच्या जिभेवर शाबूत आहे — क्लॅरिनेटच्या तोंडाशी बसवायची बोटभर लांबीची चपटी पट्टी, बोरूसारख्या कसल्याशा काडीची, टोकाला नखापेक्षा पातळ, चव जुन्या लाकडी पेटीसारखी. पलटणीतून घरी आला तेव्हा अशा बारा होत्या. अकरा गेल्या. ही बारावी, आणि ही गेली की नवी मागवायची कुठून, हे साताऱ्यात कुणाला ठाऊक नाही, पुण्यात कुणी सांगत नाही, आणि साहेब लोक तर आता स्वतःचंच सामान बांधतायत.

रीड भिजायला पाच मिनिटं पुरतात. उंब्रज ते सातारा दोन तास लागतात. पाच मिनिटं रीडसाठी, उरलेला वेळ बिराप्पासाठी. म्हणजे बिराप्पाशी बोलावं लागू नये म्हणून. तोंडात वस्तू असलेल्या माणसाला कुणी उत्तर मागत नाही, असा मानसिंगचा हिशेब होता, आणि तो साफ चुकला होता, कारण बिराप्पानं पहिल्याच शनिवारी सगळ्या मोटारीला सांगून टाकलं होतं की सुभेदारांचं शनवारचं मौन असतंय. सुभेदार! मी बँडवाला. लढाईत बँडवाल्याची वाद्यं कोठारात ठेवतात आणि हातात स्ट्रेचर देतात, म्हणजे मी हमाल. पण बिराप्पाला हे सांगायला तोंड उघडावं लागलं असतं. तेव्हापासून मोटारीतली माणसं त्याला जागा देत, बायका पोरांना गप्प करत, आणि अतीत गावच्या एका म्हातारीनं तर त्याच्या पायाशी केळं ठेवून नमस्कार केला होता. ते केळं बिराप्पानंच खाल्लं. मौनाबरोबर उपासही असणार, असं त्यानं धरून चाललं होतं.

राग आला की मानसिंग मनातल्या मनात अर्ज लिहितो. ही खोड पलटणीतली — तिथं दातसुद्धा अर्जाशिवाय दुखत नसे. आत्ताही तो लिहीत होता. विषय : शेजारील इसमाच्या आनंदी राहण्याबाबत. सदर इसम चाळिशीचा असून, त्याच्या अंगाला मेंढरांचा वास येत असून, त्याचा ढोल मोटारीच्या टपावर कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी बांधलेला असून, त्याला या जगात कशाचाच त्रास होत नाही, तरी चौकशी व्हावी…

बिराप्पा माणदेशाकडचा. दिवाळीनंतर तो मेंढरं घेऊन खाली नदीकाठाला उतरला आणि मानसिंगच्या वडिलांनी खतासाठी ती आपल्या रानात बसवून घेतली. पुढं फेब्रुवारीत क्लबाचे सेक्रेटरी लालासाहेब म्हणाले की जाझला मागं ठेका धरणारा हवा. मानसिंगनं बिराप्पाला आणला — मुद्दाम आणला. पोलीस बँडमधला शिकलेला माणूस आणला असता तर तो पुढं सरकला असता. याला काय येणार होतं? धनगरी ढोल, गजी नाचाचा. मागं बसेल, बदडेल, लोकांचं लक्ष क्लॅरिनेटवर राहील. असं मी ठरवलं होतं, आणि मी ठरवलेल्या गोष्टी ज्या गतीला जातात त्याच गतीला ही गेली.

मोटार नागठाण्याला थांबली. बिराप्पानं धोतराच्या सोग्यातून भाकरी काढली, अर्धी मोडून मानसिंगच्या मांडीवर ठेवली, मग मौन आठवून परत उचलली.

आज शेवटचा शनिवार. मृग लागायच्या आत मेंढरं माघारी न्यायची, मंगळवारी निघायचं, असं तो ड्रायव्हरला सांगत होता. ड्रायव्हरला वाईट वाटलं. क्लीनरला वाईट वाटलं. मानसिंगच्या खांद्यावर पाण्यानं भरलेली पलटणीची बाटली होती, आणि तिचं बूच त्यानं तीनदा चाचपून पाहिलं होतं.

क्लबाचं नाव स्नेहवर्धक, कारण ज्यांचं एकमेकांशी पटत नव्हतं त्यांनी दुसरा क्लब काढला होता आणि मित्रमंडळ हे नाव ते आधीच घेऊन गेले होते. उरलेल्यांचंही पटत नसे. पण खुर्च्या वेताच्या होत्या, चहा बरा होता, आणि भिंतीवर लालासाहेबांच्या अक्षरात सूचना होती : दर शनिवारी सायंकाळी साडेपाच ते सात, जाझ. सभासदांनी पायाने ताल धरण्यास हरकत नाही. जाझ म्हणजे काय, हे लालासाहेबांनी पुण्याच्या लष्कर भागात एकदा खिडकीबाहेरून ऐकलं होतं. तेवढ्या भांडवलावर ते हार्मोनियम वाजवत.

भाऊसो वकील पुढच्या खुर्चीत येऊन बसले आणि दर शनिवारचं वाक्य बोलले — इंग्रज चाललेत, आणि तुम्ही त्यांची पिपाणी फुंकत बसलाय. मानसिंगनं तोंडातली रीड जिभेनं दुसऱ्या गालात ढकलली. ही इंग्रजांची नाही, अमेरिकेतल्या काळ्या माणसांची आहे… हे त्यानं पहिल्या शनिवारी सांगितलं होतं. त्यावर भाऊसो म्हणाले होते, मग त्यांना परत द्या.

त्याला एकच गोष्ट हवी होती. नेपल्सच्या एका पडक्या हॉलमध्ये, चव्वेचाळीसच्या फेब्रुवारीत, एका काळ्या अमेरिकन सार्जंटनं क्लॅरिनेटवर दीड मिनिटाचा एक तुकडा वाजवला होता, छातीच्या खिशात पांढरा रुमाल खोचून. मधेच तो काढून ओठ पुसायचा, आणि पुसण्याची ती फट पण गाण्यातलीच वाटायची. मानसिंग पहिल्या रांगेत होता. शेजारी जोतीराम, उंब्रजचाच, स्ट्रेचरचं मागचं टोक धरणारा, पायानं भलताच ठेका धरत होता आणि त्याला कोपरानं ढोसावं लागत होतं. तो तुकडा मानसिंगनं सूर न् सूर पाठ केला. कोठारात क्लॅरिनेट आणि खांद्यावर दांडे, अशा अवस्थेत नुसत्या बोटांनी दांड्यावर पाठ केला. तो एकदा तरी चार माणसांपुढं अथपासून इतिपर्यंत वाजवायचा, कुणी मधे न येता, बस्स. चौदा शनिवार झाले. एकदाही जमलं नाही.

कारण रुमाल. पहिल्या शनिवारी तिसऱ्या ओळीनंतर मानसिंगनं सार्जंटसारखाच झोकात रुमाल काढून ओठ पुसले. आणि गजी नाचात पुढच्या गड्याचा रुमाल उडाला की ढोल्यानं चाल पालटायची असते. बिराप्पानं इमानानं पालटली. ढोल दुप्पट झाला, खिडक्यांच्या काचा थरारल्या, सभासद खुर्च्यांतून उठले, आणि पंचवीस वर्षांत कशावरही एकमत न झालेल्या क्लबानं एकमतानं टाळ्या वाजवल्या. तुकड्याचं पुढं काय झालं हे कुणी विचारलं नाही. मानसिंगनं रुमाल घरी ठेवायला सुरुवात केली. मग भाऊसोंना घाम आला आणि त्यांनी आपला काढला. मे महिन्यात साताऱ्यातल्या वकिलानं रुमाल काढायचा नाही, असा कायदा नाही. त्याबद्दलही एक अर्ज पडून होता.

बिराप्पा चहाला गेला. ढोल मागच्या पडवीत भिंतीला टेकून उभा. मानसिंगनं बाटलीचं बूच काढलं आणि आधी ढोलाच्या एका चामडी पानावर, मग ढोल फिरवून दुसऱ्या पानावर, अगदी सावकाश, देवाला घालावं तसं पाणी घातलं. चामडं पाणी प्यायलं. बोटानं टिचकी मारून पाहिली — ओल्या पोत्यासारखा आवाज. फार बरं वाटलं. इतकं बरं मला लढाई संपली तेव्हाही वाटलं नव्हतं.

साडेपाच वाजले. बिराप्पानं ढोलावर टिपरू मारलं, ढोल नुसता ‘भद्’ म्हणाला. बिराप्पानं तो कानाशी नेला, वास घेतला, पानावरून तळवा फिरवला. मग मान वर करून मानसिंगकडं पाहिलं, आणि ते पाहणं काय होतं हे मानसिंगला आजतागायत… पण थांबा.

“वलं झालंय,” बिराप्पा म्हणाला. “शेकून आणतो. तुमी करा सुरू, सुभेदार.”

आणि तो ढोल उचलून स्वयंपाक्याच्या चुलीकडं गेला.

मग शांतता. चौदा शनिवार जिची वाट पाहिली ती. मानसिंगनं रीड बसवली, ओठ लावले आणि सुरू केलं. पहिली ओळ, दुसरी, तिसरी. रुमाल नव्हता, तरी पुसण्याएवढी फट सोडली. ती सार्जंटची होती, ती गाळून चालणार नव्हतं. चौथी ओळ, मग ती उतरंड, मग शेवटचा लांब सूर… सगळं आलं. एक सूर इकडचा तिकडं झाला नाही. दीड मिनिट. त्यानं क्लॅरिनेट खाली घेतलं.

व्हरांड्यात एक माशी होती. भाऊसोंनी खुर्चीतल्या खुर्चीत पाय बदलला.

“सूर जुळवून झाले असतील,” ते म्हणाले, “तर आता वाजवायला घ्या.”

कुणी हसलं नाही. चेष्टा नव्हती ती. त्यांना खरंच वाटलं होतं. लालासाहेबांनीही हार्मोनियमच्या भात्यावर हात ठेवला होता, आता सुरू होणार म्हणून. मानसिंगला भाऊसोंचा राग येईना. तो शोधत होता. नेहमीच्या जागी हात घातला आणि राग तिथं नव्हता. अर्ज लिहावा म्हटलं तर विषय सुचेना.

तेवढ्यात मागून ढोल आला. दिसला नाही, ऐकू आला — बिराप्पा चालता चालताच वाजवत येत होता आणि तापलेलं चामडं असं बोलत होतं की गेले चौदा शनिवार ते सर्दीनं आजारी असावं. तो मागं येऊन उभा राहिला. मानसिंगनं क्लॅरिनेट तोंडाला लावलं, तुकडाच सुरू केला, दुसरं येत काय होतं? पण ढोल त्याच्या पावलावर पाऊल टाकत नव्हता. तो अर्ध्या पावलानं मागं राहत होता, मुद्दाम, दर वेळी…

पावलं जुळवू नका. स्ट्रेचर उचलताना हेच शिकवतात. परेडमध्ये वर्षभर पावलं जुळवायला शिकवतात आणि मग सांगतात, आता जुळवू नका. जुळली की स्ट्रेचर झुलतो आणि वरचा माणूस ओरडतो. पुढच्याचं डावं तर मागच्याचं उजवं. मी पुढं, जोतीराम मागं. मागचा माणूस दिसत नाही, त्याचं पाऊल तेवढं ऐकू येतं, माझ्या दोन पावलांच्या मधे पडणारं, आणि ते पडतंय तोवर आपण चालतो. मे महिना होता, असंच ऊन होतं, ओढा ओलांडताना एक गोळी वाजली आणि मागचं पाऊल पडलं नाही. स्ट्रेचर मागं जड झाला. मी आणखी दोन पावलं टाकली. ती दोन पावलं कशाला टाकली?

मागं ढोल पडत होता. दोन सुरांच्या मधे, बरोब्बर मधे. आणि मानसिंगची बोटं तिसऱ्या ओळीवरून घसरली — चुकली म्हणा — आणि अशा जागी गेली जिथं सार्जंट कधी गेला नव्हता. तिथं काय होतं ते त्याला ठाऊक नव्हतं. पाचसहा सूर असतील. सभासदांपैकी एकाचा पाय हलायला लागला, सूचनेत परवानगी असूनही चौदा शनिवार न हललेला, भाऊसोंचा. मागचं पाऊल थांबेल, आता थांबेल, आता, असं वाटून मानसिंगचे दात आवळले गेले.

तर ती रीड. ती तेव्हाच तुटली, हे मी सुरुवातीला सांगितलंच.

परतीच्या मोटारीत त्याच्या तोंडात काही नव्हतं, त्यामुळं मौनही नव्हतं. खिडकीबाहेर उसाच्या शेंड्यांवर उन्हं कलली होती. बिराप्पानं चिरलेली रीड त्याच्याकडून मागून घेतली, उजेडात धरली, नखानं दाबून पाहिली.

“बोरूच हाय की,” तो म्हणाला. “आमच्याकडं वढ्याला लय उगवतंय.” त्यानं ती पटक्याच्या घडीत खोचली. दिवाळीनंतर खाली उतरू तवा आणतो, असं काहीतरी म्हणाला. किंवा बगू, असं म्हणाला. मोटारीचा आवाज फार होता.

पटका नीट बसवून बिराप्पा पुन्हा बोलला.

“सुभेदार, एक इचारू? तुमी दर शनवारी त्योच वाजवत हुता. आज मधीच दुसरं काय काढलंसा?”

मानसिंगनं रिकाम्या बाटलीचं बूच काढलं, परत लावलं. 

“पानी बाकी झ्याक घातलंसा,” बिराप्पा म्हणाला. “वलं करून शेकल्याबिगर त्यो बोलतच न्हवता.”

त्याच्या आवाजात काहीच नव्हतं. राग नाही, थट्टा नाही. मानसिंगनं त्यात शत्रुत्व फार शोधलं. थोडं तरी सापडलं असतं तर मंगळवारपर्यंत पुरवून वापरता आलं असतं. शेवटी अतीत मागं पडलं आणि त्यानं लिहायला घेतलं, मनातल्या मनात, नेहमीच्या अक्षरात —

प्रति, मेहेरबान कमांडिंग साहेब यांसी. अर्जदार मानसिंग, बँडवाला, सध्या मुक्काम सर्व्हिस मोटार, याचा विनंती अर्ज ऐसा की, बिराप्पा नामक इसम येत्या मंगळवारी मेंढरांसह रवाना होत असून, तो फार चांगला वाजवतो, याचा अर्जदारास अतोनात त्रास आहे. सबब त्यास इथून पुढे वाईट वाजवण्याची लेखी ताकीद मिळावी. ते नियमात बसत नसल्यास, अर्जदाराच्या मागे चालणाऱ्या इसमाने, मग तो कोणीही असो, अर्जदार थांबण्याआधी थांबू नये, असा कायमचा हुकूम काढण्यात यावा. आणि सदर हुकुमाची अंमलबजावणी मागील तारखेपासून, म्हणजे मे १९४४ पासून, करण्यात यावी, ही विनंती. कळावे.