पाण्याखालची गाडीवाट

मी भागू, आमच्या वाडीची पंचायत मेंबर. तोंडानं फटकळ हाय, हे आधीच सांगून ठिवते. आन चूक माझीच व्हती, तेबी सांगते.

ग्रामसभेत ग्रामसेवकानं इचारलं, "बोटीसाठी धक्का कुठं बांधायचा?" मी ठसक्यात बोलले, "जुन्या गाडीवाटेवर!" साऱ्या वाडीनं माना डोलावल्या, ठराव झाला. आता ती गाडीवाट धरणाच्या पाण्यात गेल्याला तीस-पस्तीस वर्सं झाली. पण त्या बाजूच्या काठाला आमच्या तोंडी अजून तेच नाव. गुरं कुठं गेली? गाडीवाटेला. जानकू मासं कुठं धरतोय? गाडीवाटेला. ठरावात लिहिताना ती पाण्याखाली हाय, हे एकाच्याबी ध्यानात आलं नाय!

दिवाळीनंतर इंजिनीयर आला, जुन्नरचा दानियाल शेख. धरण काठोकाठ भरल्यालं. त्यानं कागद बघितला, पाणी बघितलं, काठाला चार ठिकाणी पहार मारली. समदीकडं गाळ. 'ठरावातील जागा आढळली नाही, काठावर पाया मिळत नाही,' असं लिहून गेला. झालं! घोडेगावच्या बाजारात लोक फिदीफिदी हसाया लागले, "भागूबाईनं पाण्याखाली धक्का मागितला!" हसा मेल्यांनो. तुमच्या घरात डायलिसिसचा माणूस नाय.

आमच्या म्हाताऱ्याच्या, म्हंजी माझ्या नवऱ्याच्या, सोमाजीच्या, किडन्या गेल्यात. मंगळवारी आन शुक्रवारी मंचर गाठावं लागतं. जीप मिळती पल्याडच्या काठाला, शिनोलीवरनं जाती. होडीनं पल्याड जायाला पाव तास. पण आमच्या काठाला कंबरभर गाळ, आजारी माणसाला दर खेपेला त्यातनं न्यायचं कसं? म्हणून दोन वर्सं चौघंजण त्याला डोलीत घालून डोंगराला वळसा मारून न्यायचे. डोलीत बसणाऱ्याला चपला कशाला? त्या आढ्याला खोचून ठिवल्या व्हत्या.

पौषात आमचा पुतण्या गोरख डोलीसकट घसरला, गुडघा फुटला त्याचा. घरी आल्यावर म्हातारा म्हणाला, "धक्क्याचा निधी मार्चला परत जातोय ना? तवर येतो मी मंचरला. मग बास. पोरांच्या खांद्यावर लई जगलो."

असा संताप आला मला! तशीच उठले आन दुसऱ्या दिवशी दानियालच्या ऑफिसात जाऊन उभी राहिले. "साहेब, तुमाला दिसत नाय म्हंजी वाट नायच व्हय?"

"मावशी, पाण्याखालचं मी मोजू कसं?"

"तुमी या तर खरं!"

आला बिचारा. जानकूची होडी घेतली, लांब बांबू घेतला. "मला बसवा होडीत," म्हातारा म्हणाला. चौघांनी गाळ तुडवत त्याला उचलून बसवला.

"जानकू, हितनं सरळ. आता टाक." बांबू हातभर गाळातनं गेला आन खाली टक्क! दगडी वाट. "फुडं चल. हितं उतार हाय, माझी गाडी कायम कलायची." टक्क! दानियाल खोली मोजून वहीत लिहू लागला. आन मग एका जागी बांबू गेला तो गेलाच, खाली काय लागंचना. दानियालनं माझ्याकडं बघितलं.

म्हाताऱ्यानं डोळे मिटले. "थांबा. आंब्याच्या अल्याड वळण व्हतं. डावीकडं घे रं."

जानकूनं होडी वळवली. टक्क!

माझा जीव भांड्यात पडला. अशा चौदा जागा लिहिल्या दानियालनं. "काका, पाया पक्का आहे, आणि उतार असा की पाणी कितीही खाली गेलं तरी बोट लागेल. पण तुम्हाला एवढं आठवतं कसं?"

"आठवायचं काय त्यात?" म्हातारा म्हणाला. "लगीन करून हिला ह्याच वाटेनं आणली."

अगं बया! साठीत लाजले मी, चारचौघांत.

मार्च सरायच्या आत मंजुरी आली. पाणी जसं खाली गेलं, तसा गाळ काढून त्याच वाटेवर सिमेंटचा उतार बांधला. जूनात पंचायतीची बोट सुरू झाली. पहिल्या मंगळवारी सवयीनं चौघं डोली घेऊन दारात हजर. म्हातारा उंबऱ्यावर बसल्याला. "भागे," म्हणाला, "चपला काढ माझ्या."

आढ्यावरनं काढल्या. चामडं वाळून खडखडीत झाल्यालं, त्याला तेल चोळताना माझे डोळे काय थांबंनात. त्यानं त्या पायात घातल्या, माझ्या खांद्यावर हात ठिवला आन एकेक पाऊल टाकत उतार उतरला. डोलीवाले रिकाम्या हातानं मागनं येत व्हते, गोरख लंगडत सगळ्यांच्या फुडं.

बोटीत टेकल्यावर धाप लागली त्याला. दम खाऊन म्हणाला, "शुक्रवारी जरा लवकर निघू."