गुरुजींच्या तोंडातली सुपारी

मडिवाळप्पा गुरुजी जळकोटात शिकवायचे आणि दिवसभर सुपारी चघळायचे. लातूर जिल्हा नुकताच झाला होता. तिथल्या मुलींच्या वसतिगृहासाठी परीक्षा होती आणि वर्गातल्या केवळाला तयार करायचा विडा गुरुजींनी उचलला होता. दुष्काळानं विहिरी आटलेल्या. तिचा बाप सटवाजी बिऱ्हाड घेऊन नांदेडकडं कालव्याच्या कामावर निघणार होता. पोरगी पास झाली तर लातूरला शाळेत, नाही तर बापामागं माती वाहायला.

रोज ओसरीवर गणितं चालायची. हौद भरणारे नळ, रिकामे करणारे नळ! गावात हंडाभर पाण्यासाठी मारामारी, आणि पुस्तकातले हौद मेले वाहतच होते. केवळाचं एकही उत्तर चुकत नसे. गुरुजी गल्लीभर मिरवायचे.

मग त्यांची दाढ ठणकली, सुपारी बंद झाली. त्या संध्याकाळी केवळानं कालचीच गणितं धडाधड चुकवली.

"अगं, झालं काय तुला?"

"तुमच्या तोंडात आज सुपारी न्हाई, गुरुजी," केवळा रडवेली झाली. "मी चुकले की तुमचं चघळणं थांबतं. मग मी खोडते."

हात्तिच्या! म्हणजे इतके दिवस पोरगी गणित नव्हे, आपला जबडा वाचत होती! गुरुजींना राग आला तो स्वतःचाच. दुसऱ्या दिवसापासून ते भिंतीकडं तोंड करून बसू लागले. केवळा अडायची, मुळूमुळू रडायची. गुरुजींचा जीव तुटायचा, पण वळले म्हणून नाहीत. "चुकलं तर चुकू दे. कुठं चुकलं ते तूच हुडक," एवढंच म्हणायचे.

परीक्षा झाली. लातूरच्या एसटी स्टँडवर गुरुजींनी पेपर हातात घेतला. दाढ बरी झाली होती, तोंडात सुपारी होती. केवळा एकेक उत्तर सांगत गेली. हौदाच्या गणिताला जबडा थांबला. गेली पोर मातीकामाला, असं गुरुजींना वाटलं.

केवळानं त्यांच्या तोंडाकडं नीट पाहिलं.

"थांबू द्या. माझं बरोबर हाय. तुमीच परत करून बघा."

गुरुजींनी पेपरामागं आकडेमोड केली. रिकामा करणारा नळ त्यांनीच बेरजेत धरला होता. आपण चुकल्याचा इतका आनंद त्यांना जन्मात झाला नव्हता. डोळे भरून आले.

गावात पोचले तेव्हा सटवाजी बैलगाडी भरत होता. "निकाल काय, गुरुजी?"

"निकाल लागंल तवा लागंल. पोरीची पेटी तेवढी गाडीतून उतरव."